बारावीचे अर्थशास्त्र आणि शिकवणीचा तास

व्यापाऱ्याच्या घरातील मुलांना अर्थशास्त्र निराळे शिकवावे लागत नाही, अशी एक समजूत आपल्यात फार दिवसांपासून रूढ आहे. भाव का चढतो, माल का तुंबतो, गिऱ्हाईक कोणत्या किमतीला माघारी वळते, हे ज्यांनी पाळण्यातून ऐकले त्यांना पुस्तकाचे काय भय, असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. माझी नात बारावीत गेली आणि सहामाहीत अर्थशास्त्राच्या ८० गुणांपैकी ३१ गुण घेऊन घरी आली, तेव्हा ही समजूत किती पोकळ आहे ते ध्यानात आले. बेळगावात तीन पिढ्या कापडाचा व्यापार केलेल्या घराला हा आकडा बोचावा, हे स्वाभाविकच होते. परंतु बोचल्याने गुण वाढत नाहीत. म्हणून त्या वर्षी जे केले आणि जे शिकलो, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप सांगतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत अर्थशास्त्राला १०० गुण असतात. त्यांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० प्रकल्पाचे. लेखी परीक्षेत ४० गुण स्थूल अर्थशास्त्राचे, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न, पैसा व बँका, रोजगार, सरकारी अंदाजपत्रक आणि परदेशांशी होणारे देणेघेणे यांचे. उरलेले ४० भारताच्या आर्थिक विकासाचे. वेळ तीन तासांचा. विषय अवाढव्य नाही. परंतु तो नेमक्या शब्दांचा आहे, आणि तेथेच आपली मुले अडखळतात.

वर्षाच्या आरंभी आम्ही तिला एका मोठ्या खासगी वर्गात घातले होते. तेथे छापील टिपणे मिळत आणि ती पाठ करावयाची असत. पण मुलीने काय लिहिले ते कोणी तपासत नसे. दिवाळीनंतर आम्ही एका निवृत्त शिक्षकांना घरी येण्याची विनंती केली. ते आठवड्यातून दोनदा, दुकानाच्या माडीवर, सायंकाळी शिकवीत. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकविले नाही. त्यांनी सहामाहीची उत्तरपत्रिका मागून घेतली आणि गमावलेल्या ४९ गुणांची, आपण बुडीत उधारीची करतो तशी, फोड केली. विषयच ठाऊक नसल्यामुळे गेलेले गुण १४. विषय ठाऊक, पण शब्द चुकीचा, म्हणून गेलेले २२. आणि वेळ न पुरल्यामुळे गेलेले १३. मग ते मला म्हणाले, "शेटजी, मुलगी कच्ची नाही. तिला दुकानाची भाषा येते, शास्त्राची येत नाही. आपणही तासाला बसत चला."

अशा रीतीने उतारवयात मी पुन्हा विद्यार्थी झालो. नातीने गुंतवणुकीचे उदाहरण म्हणून बाजारातून जुने शेअर घेणे, असे लिहिले होते. मलाही त्यात चूक दिसेना. सरांनी सांगितले की, जुना शेअर किंवा जुना गाळा विकत घेतल्याने केवळ मालकी बदलते, देशाच्या उत्पादक साधनांत भर पडत नाही. नवी वखार बांधली, नवे यंत्र घेतले, तर ती गुंतवणूक. आणि वर्षाअखेर वखारीतील माल आरंभापेक्षा वाढला, तर ती वाढही गुंतवणुकीतच धरतात.

मी हसून म्हणालो, "सर, पडून राहिलेला माल ही आमची डोकेदुखी, गुंतवणूक कसली?"

"शेटजी, तुमची डोकेदुखी हाच पुढचा धडा आहे," ते म्हणाले. "माल उठेनासा झाला म्हणजे आपण काय करता?"

"गिरणीकडून पुढचा माल मागवीत नाही."

"मग गिरणी काय करते?"

"पाळ्या कमी करते."

"आणि मजुराची मिळकत?"

मी उत्तर देण्याच्या आधीच नात म्हणाली, "कमी होते, सर. मग तोही कापड कमी घेतो!" जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील विचाराचा गाभा असा आमच्या माडीवर पाच मिनिटांत उलगडला. एकूण मागणी एकूण पुरवठ्याहून कमी पडली की साठे अनपेक्षित वाढतात आणि उत्पादन व रोजगार घटतात, हे वाक्य तिने त्याच रात्री आपल्या हाताने लिहून काढले.

दुसरा प्रसंग राष्ट्रीय उत्पन्नाचा. शेतकऱ्याने १०० रुपयांचा कापूस विकला. सूतगिरणीने त्याचे सूत १६० रुपयांना, विणकराने कापड २५० रुपयांना आणि दुकानदाराने तेच कापड ३०० रुपयांना विकले. या चारही विक्रींची बेरीज ८१० रुपये होते. पण कापसाची किंमत तीत चार वेळा मोजली जाते. म्हणून प्रत्येकाने घातलेली भर तेवढी धरावयाची: १०० अधिक ६० अधिक ९० अधिक ५०, म्हणजे ३०० रुपये. व्यापारी काही निर्माण करीत नाही, असा टोमणा आपण पुष्कळदा ऐकतो. माल योग्य वेळी योग्य जागी पोहोचविणे ही सेवा असून ते शेवटचे ५० रुपये राष्ट्राच्या उत्पन्नात हक्काने मोजले जातात, हे नातीच्या वहीत वाचून मला समाधान वाटले, हे कबूल करतो.

तिसरा प्रसंग मात्र मला पचावयास जड गेला. सर्वांनी एकाच वेळी अधिक बचत करावयाचे ठरविले तर देशाची एकूण बचत वाढेलच असे नाही, उलट सर्वांचे उत्पन्न घटेल, असे पुस्तक म्हणते. याला काटकसरीचा विरोधाभास म्हणतात. आमच्या घरात काटकसर हा पहिला धडा. तेव्हा मी सरांशी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "एका घराला जे हितकर ते मंदीत सापडलेल्या सबंध देशाला हितकर असेलच असे नाही. आपण काटकसर सोडू नका. पण मुलीला घरचे मत लिहू देऊ नका, कारणपरंपरा लिहू द्या." मला वाटते, शिक्षकाची खरी किंमत अशा वेळी कळते.

भारताच्या आर्थिक विकासाच्या भागात वडीलधाऱ्यांचा उपयोग अधिक. १९५१ साली सुरू झालेली पहिली पंचवार्षिक योजना, लघुउद्योगांविषयीची १९५५ ची कर्वे समिती, १९९१ चे आर्थिक धोरण, १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर, हे सारे मुलांना केवळ सनावळीसारखे वाटते. परवान्यांचा काळ कसा होता, नवी करपद्धती आली तेव्हा बिले कशी बदलली, हे आपण सांगू शकतो. तथापि सरांची ताकीद होती की, आजोबांची गोष्ट म्हणजे उत्तर नव्हे. वर्ष, धोरण, कारण आणि परिणाम, या क्रमाने लिहिले तरच ते उत्तर.

राहिला वेळेचा प्रश्न. १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे एका गुणास सव्वादोन मिनिटे. सहा गुणांच्या प्रश्नास साडेतेरा. जानेवारीपासून दर रविवारी ती घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवी आणि सर तीतील प्रत्येक ओळ तपाशीत. मुद्दा आधी मराठीत समजावून घ्यावयाचा आणि मग इंग्रजीत लिहावयाचा, हाही त्यांचा नेम. प्रकल्प तिने स्वतःच केला. विकतची वही आणणाऱ्यांची फजिती तोंडी परीक्षेत होते, हे त्यांनी आधीच बजावले होते. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला आणि हमखास येणाऱ्या प्रश्नांचा एक संच मी बाजारातून आणला. सरांनी तो न उघडता परत केला. "आपण न पाहिलेला माल विकत घेता का?" एवढेच त्यांनी विचारले.

सराव परीक्षेत तिला ५८ गुण मिळाले आणि अखेरच्या लेखी परीक्षेत ६७. पहिला क्रमांक नव्हे. परंतु आज ती वर्तमानपत्रातील अंदाजपत्रक वाचते आणि राजकोषीय तूट म्हणजे काय ते मला समजावून सांगते.

तात्पर्य, शिकवणी लावताना फी किती आणि मागील निकाल काय, एवढेच विचारू नये. लिहिलेले उत्तर कोण तपासणार, आणि चूक कोणत्या प्रकारची आहे हे कोण सांगणार, ते आधी विचारावे. ज्यांना घरी शिक्षक ठेवणे परवडत नाही अशी कुटुंबेही आपल्यात आहेत. संघाच्या सभागृहात आठवड्यातून एक सायंकाळ अशा तपासणीसाठी राखून ठेवली आणि वाणिज्य शिकलेल्या दोघा-तिघा तरुण सभासदांनी ते काम अंगावर घेतले, तर फारसा खर्च न होता पुष्कळ मुलांचे वर्ष सावरेल. माडीवरची माझी खुर्ची मी त्यासाठी सभागृहात आणून ठेवावयास तयार आहे.