पिकअपचं गणित (लेखांक ६) : ओढण्याआधी थांबण्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात हौद्यात किती माल भरायचा ते पाहिलं. आज त्यापुढचे दोन प्रश्न: भरलेली गाडी उतारावर कशी धरायची आणि बंद पडलेली गाडी टोचन लावून कशी न्यायची?

डिझेल इंजिन ओढायला तगडं असतं. त्यात ठिणगी नसते; हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. टर्बो जास्तीची हवा आत ढकलतो, त्यामुळे इंजिन फार न फिरवताही चाकांना भरपूर जोर मिळतो. मुंब्रा बायपासचा चढ भरलेली पिकअप म्हणूनच सहज चढते. खरी परीक्षा उतारावर असते.

जुन्नर-ओतूरचा भाजीपाला माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजार समितीत येतो. मालासकट तीन टन भरणारी गाडी ५०० मीटर खाली उतरली, की सुमारे ४ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर तिची उष्णता होते आणि लायनर तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतली ओल शोषलेली असते. ते लवकर उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं.

म्हणून डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणं हा जिवाशी खेळ आहे. त्यात बचतही नाही: गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं डिझेलचा पुरवठाच थांबवतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक गार राहतात.

टोचन लावतानाही ओढण्याआधी थांबण्याचा हिशेब करावा लागतो. ओढणारी गाडी जोर लावेल, पण मागची गाडी थांबवणार कोण? इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं कडक होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. त्यामुळे मागे परवाना असलेला, अनुभवी चालकच बसवा. किल्ली चालू स्थितीत ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रलमध्ये, धोक्याचे दिवे चालू. दोर बंपरला नव्हे, चॅसिसच्या हुकाला बांधा. दोरापेक्षा लोखंडी दांडा केव्हाही बरा, कारण पुढच्याने ब्रेक मारल्यावर मागची गाडी त्याच्यावर आदळत नाही. दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावं, असा कायदा आहे. ब्रेकच गेले असतील किंवा वाटेत घाट असेल, तर टोचनचा विचार सोडा आणि क्रेन बोलवा. क्रेनचं भाडं परवडतं, अपघात परवडत नाही.

मालकांना एक विनंती. भाडं वेळेत पोचवण्याची घाई चालकावर लादू नका. पावसाळ्याआधी लायनर तपासून घ्या आणि ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. गाडी किती ओढते हे विकणारा सांगतो. ती वेळेवर थांबेल याची जबाबदारी मात्र मालकाचीच आहे.

(पुढील लेखांकात : बीएस-६ गाड्यांतला काजळीचा फिल्टर आणि घोडबंदर रोडची कोंडी)