मोरीचे भय आणि होडीतील शिस्त

श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे प्रवरेच्या काठी वसलेले गाव. येथील लोकांना पाण्याची ओळख आहे ती नदीची, कालव्याची आणि विहिरीची. समुद्र पाहावयाचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. अशा भागातील विद्यार्थी सहलीच्या निमित्ताने मालवण-तारकर्लीस जातात आणि डॉल्फिन पाहण्यासाठी होडीत बसण्याची वेळ येते, तेव्हा कोणी ना कोणी विचारतोच, “पाण्यात शार्क असला तर?” या प्रश्नाला हसून टाळण्यापेक्षा त्याचे नीट उत्तर देणे हे शिक्षकांचे काम आहे. कारण घाबरलेला मुलगा होडीत एकाएकी उभा राहिला, तर तो स्वतःबरोबर इतरांनाही संकटात लोटतो.

भीतीचे मूळ

ज्याने समुद्र पाहिलेला नाही, त्याच्याही मनात शार्कची भीती असते. ही भीती अनुभवातून नव्हे, तर पडद्यावरून आलेली असते. १९७५ साली ‘जॉज’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला आणि नरभक्षक शार्कचे चित्र जगभर पोहोचले. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, तिचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढील आयुष्यात याच प्राण्याच्या संरक्षणासाठी प्रचार केला, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

कोकणच्या माणसाला शार्क अपरिचित नाही. तो त्यास मोरी म्हणतो; लहान जातींना मुशी म्हणतात. मासळीबाजारात मुशी नेहमी दिसते आणि मोरीचे मटण हा मालवणी जेवणातील आवडीचा पदार्थ आहे. जगात शार्कच्या पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य जाती माणसाला निरुपद्रवी आहेत. सर्वांत मोठा व्हेल शार्क बारा मीटरहूनही लांब वाढतो; पण त्याचे अन्न म्हणजे पाण्यातून गाळून घेतलेले सूक्ष्म जीव आणि लहान मासे.

वस्तुस्थिती काय सांगते?

धोका मुळीच नाही, असे सांगणे योग्य होणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कच्या हल्ल्यात एका तरुणाच्या पायास गंभीर इजा झाली. शार्कच्या काही जाती खाडीतून गोड्या पाण्याकडेही येतात. तथापि अशा घटना अत्यंत विरळ आहेत. माणसाने डिवचलेले नसता शार्कने चावा घेतल्याच्या नोंदी साऱ्या जगात वर्षाला सरासरी साठ-पासष्टच्या आसपास असतात आणि त्यांतील मृत्यू सहाच्या आसपास. उलट माणसाच्या हातून वर्षाला कित्येक कोटी शार्क मारले जातात. शिवाय या नोंदी मुख्यत्वे पाण्यात उतरलेल्यांच्या आहेत. होडीत बसून राहिलेल्या प्रवाशाला शार्कचे भय जवळजवळ नाहीच.

होडीतून पाण्यावर कल्ला दिसला की मुले ओरडतात. आपल्या किनाऱ्यावरील सहलीत तो बहुधा डॉल्फिनचा असतो. डॉल्फिन श्वास घेण्यासाठी पुनःपुन्हा वर येतो आणि त्याचे शेपूट आडवे असून वर-खाली हलते. शार्क हा मासा. तो कल्ल्यांनी श्वसन करतो आणि त्याचे उभे शेपूट डावी-उजवीकडे हलते. एवढा फरक वर्गात फळ्यावर काढून दाखविला, तरी निम्मी भीती ओसरते.

खरा धोका कोठे आहे?

जानेवारी २०१८ मध्ये डहाणूजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. या दोन्ही दुर्घटनांशी शार्कचा काहीही संबंध नव्हता. क्षमतेपेक्षा अधिक माणसे, जीवरक्षक जाकिटांचा अभाव, एका बाजूस होणारी गर्दी, ओहोटीची ओढ आणि अनोळखी पाण्यात उतरण्याचे धाडस, ही समुद्रावरील संकटाची खरी कारणे होत. म्हणून मुलांना निर्भय करणे म्हणजे बेफिकीर करणे नव्हे. भीतीचा रोख काल्पनिक शत्रूवरून काढून खऱ्या धोक्याकडे वळविणे, हेच यातील शिक्षण आहे.

भीती घालविण्याची रीत

भीती टप्प्याटप्प्यानेच जाते. सहलीपूर्वी वर्गात चित्रांच्या साहाय्याने माहिती द्यावी. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मासळीबाजारात मुशी जवळून दाखवावी. तिचा खरखरीत स्पर्श अनुभवू द्यावा. नंतर तारकर्ली-देवबागजवळ कर्ली नदीच्या शांत खाडीत एक फेरी घ्यावी आणि मगच समुद्रात जावे. घाबरणाऱ्यास भित्रा म्हणून हिणवू नये अथवा बळेने होडीत बसवू नये. त्याला तांडेलाजवळ किंवा शिक्षकाजवळ जागा द्यावी.

होडीत चढण्यापूर्वी जाकिटे मोजून घ्यावीत आणि ती प्रत्येकाने अंगात घातली असल्याची खात्री करावी. परवानगीपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये. डॉल्फिन दिसताच सर्वांनी एका बाजूस धावू नये. प्राण्यांचा पाठलाग करण्यास किंवा त्यांना खाद्य टाकण्यास मनाई करावी. तांडेलाने हवामान पाहून नकार दिला, तर तो निमूटपणे मानावा.

ओळखीतून संरक्षणाकडे

ज्याची ओळख होते, त्याच्या रक्षणाचीही इच्छा होते. १९८७ साली मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. २००१ पासून व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच लाभले आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव सोडून देणाऱ्या मच्छिमारास जाळ्याच्या नुकसानीची भरपाई देण्याची योजनाही राज्यात २०१८ मध्ये सुरू झाली.

प्रवराकाठच्या वाचकांना हा धडा अगदीच परका नाही. याच नदीच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशातही बिबटे राहतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅमेऱ्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. उसात बिबट्या दिसला म्हणजे त्याच्याभोवती जमणारी गर्दी आणि आरडाओरडा धोका वाढवितात. लहान मुलांची काळजी, रात्रीची सोबत आणि वनखात्यास वेळेवर दिलेली वर्दी तो कमी करतात. समुद्र असो वा उसाचे रान, माहिती आणि शिस्त यांच्या बळावरच मनुष्य वन्य प्राण्यांच्या शेजारी निर्धास्त राहू शकतो. ही सवय मुलांना लावण्याचे काम शाळा आणि ग्रामपंचायती यांनी मिळून हाती घ्यावयास हवे.