हरळी मेली नाही

मुलांनो, उन्हाळ्यात मैदानावरची हरळी पिवळी पडली, की ती मेली असे आपण समजतो. हिलाच उर्दूत दूब म्हणतात. पाण्यावाचून तिची पाती सुकतात; पण जमिनीतील खोड जिवंत असते. पावसाळ्यात त्यालाच नवे कोंब फुटतात. म्हणून ती उपटू नका!

पावसाळ्यात हरळी झपाट्याने वाढते. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा थोडे पाणी पुरते. उन्हाळ्यात माळी रोज पाणी शिंपडतो. पण त्याने वरचीच माती भिजते आणि मुळे वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा, सकाळी, वीतभर माती भिजेल इतके पाणी द्यावे. मग मुळे खोल जातात. माती भिजली का, हे काडी खुपसून पाहावे. ओल्या मातीत ती सहज शिरते.