बंद केला, पण बंद झाला का?

खिशातली यंत्रे : लेखांक ७

फोन वाजतो, उचलला जातो, ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते; पण पलीकडचा आवाज काही ऐकू येत नाही. पलीकडचा माणूस बोलत असतो, आणि त्याचे बोलणे पोहोचत असते पाठीवरच्या सॅकमध्ये, डबीत झाकून ठेवलेल्या इअरबडमध्ये. लोकलमध्ये, कचेरीत, लग्नाच्या हॉलमध्ये हा प्रकार नेहमीचा झाला आहे. बड डबीत होते, झाकणही लावलेले होते. म्हणजे ते बंद असायला हवे होते. तसे ते नव्हते.

गेल्या लेखांकात वायरलेस हेडफोन फोनशी जोडला कसा जातो ते पाहिले. या वेळी त्याची दुसरी बाजू : तो बंद कसा होतो, आणि होत नसेल तर अडते कुठे?

जुन्या ट्रान्झिस्टरच्या आवाजाच्या बटणाला शेवटी एक ‘टक्’ असायची. त्या टकीसरशी आतला धातूचा सांधा खरोखर सुटायचा आणि सेलमधून येणारी वीज थांबायची. वायरलेस हेडफोनवरचे बटण बहुधा असे काही तोडत नाही. ते दारावरच्या बेलसारखे असते. बेल वाजवणे बाहेरच्याच्या हातात, दार उघडणे आतल्याच्या. बटण दाबले की आतल्या चिपला संकेत मिळतो. ते किती वेळ दाबून धरले हे चिप मोजते, त्यावरून हुकूम ओळखते आणि मग आवराआवर करते : गाणे थांबवते, फोनशी असलेला दुवा सोडते, आवाजाची पातळी लक्षात ठेवते, ‘पॉवर ऑफ’ असे सांगते, दिवा विझवते आणि झोपी जाते. पुढच्या वेळी बटण दाबल्याचे कळायला हवे म्हणून तिचा एक बारीकसा भाग जागाच राहतो. तो खातो ती वीज मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखांश भागांत मोजावी लागते. तरीही कपाटात महिनोन् महिने पडलेला हेडफोन बाहेर काढला की बॅटरी उतरलेली दिसते. त्याला हा जागता भाग आणि बॅटरीची स्वतःची हळूहळू होणारी झीज, दोन्ही कारणीभूत असतात.

बंद न होण्याच्या बऱ्याच तक्रारी या दाबून धरण्याच्या वेळेतच अडकलेल्या असतात. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ हा हेडफोन घ्या. चालू असताना पॉवरचे बटण सुमारे २ सेकंद दाबले की तो बंद होतो. तो बंद असताना तेच बटण सुमारे ७ सेकंद दाबून धरले की मात्र तो नव्या फोनच्या शोधात पेअरिंगला लागतो आणि निळा दिवा दोन-दोनदा लुकलुकू लागतो. आता कुणी चालू हेडफोन समजून बंद हेडफोनचेच बटण ‘नीट बंद होऊ दे’ म्हणून जोर लावून धरून ठेवले, तर काय होईल? हेडफोन चालू होतो, दिवा लुकलुकतो, आणि माणूस म्हणतो, हा बंदच होत नाही! इथे जोर कामाचा नाही. बटण सोडावे, दिवा काय करतो ते पाहावे, आणि मग २ सेकंद मोजून पुन्हा दाबावे.

बटणच नसेल तर?

अ‍ॅपलने २०१६च्या डिसेंबरात पहिले एअरपॉड्स विकायला काढले तेव्हा त्यांना चालू-बंदचे बटण नव्हतेच. डबीत ठेवले की झोपले, काढले की जागे. पुढे डिसेंबर २०२० मध्ये कानांवर बसणारा एअरपॉड्स मॅक्स आला. भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपये होती, पण एवढ्या पैशांतही चालू-बंदचे बटण आले नाही. सोबत एक ‘स्मार्ट केस’ मिळाली. तिच्या आकाराची समाजमाध्यमांवर भरपूर चेष्टा झाली. बायकांच्या पर्सपासून बऱ्याच वस्तूंशी तिची तुलना झाली. पण थट्टेत एक गोष्ट हरवली : त्या हेडफोनचा ‘स्विच’ म्हणजे ती केसच होती.

अ‍ॅपलने दिलेल्या माहितीनुसार हेडफोन केसमध्ये ठेवला की तो लगेच कमी विजेच्या अवस्थेत जातो आणि १८ तासांनी आणखी खोल झोपेत. तेव्हा कुठे ब्लूटूथ आणि ‘फाइंड माय’ ही शोधयंत्रणा बंद होते. केसबाहेर, टेबलावर नुसता ठेवला तर ५ मिनिटे न हलल्यावर पहिली अवस्था येते आणि ७२ तासांनी खोल झोप. या ७२ तासांची मेख ‘न हलता’ या अटीत आहे. पिशवीत घालून रोज गावभर हिंडवलेला हेडफोन निश्चल कधी होणार? म्हणून ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी केस घरी ठेवून हेडफोन तेवढा पिशवीत टाकणे, म्हणजे स्विच घरी विसरणे आहे.

डबीतले बड जागे का राहतात?

आता त्या सॅकमधल्या बडकडे वळू. बड डबीत आला हे त्याला कळते कसे? डबीच्या खाचेत तळाशी पाहिले तर दोन बारीक पिना दिसतात. त्या आतल्या स्प्रिंगमुळे किंचित दबतात आणि सोडल्या की वर येतात. बडच्या दांडीवर किंवा पोटाशी त्यांच्या जोडीचे दोन सोनेरी ठिपके असतात. पिना ठिपक्यांना टेकल्या आणि डबीकडून वीज आली की बड समजतो, आपण घरी आलो. आणि फोनचा दुवा सोडतो. वीजच आली नाही, तर बहुतेक साध्या बडच्या लेखी तो अजून बाहेरच आहे.

वीज न येण्याची कारणे दोन. पहिले, मळ. कानातले मेण, घाम, खिशातला धागा आणि धूळ यांचा पातळ तपकिरी थर त्या ठिपक्यावर बसतो. मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात पावसाळ्यात, आणि जिममध्ये बड घालणाऱ्यांच्या बाबतीत बाराही महिने, ठिपक्यावर हिरवट गंजही धरतो. कोरड्या कापसाच्या काडीने ठिपके आणि पिना हलक्या हाताने पुसल्या की बहुतेक वेळा काम होते. थर चिवट असेल तर काडीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओले करावे आणि पूर्ण सुकल्याशिवाय बड डबीत ठेवू नये. पाणी, सॅनिटायझरची जेल, टाचणी या तीन गोष्टी दूर ठेवाव्यात. टाचणीने सोनेरी मुलामा खरवडला की खालचा धातू उघडा पडतो आणि गंज आणखी लवकर धरतो.

दुसरे कारण अनेकांच्या लक्षातच येत नाही : डबीचीच बॅटरी संपलेली असते. बड भरलेले आणि डबी रिकामी, अशा स्थितीत डबी बडना वीज देऊ शकत नाही. मग काही बड डबीतल्या डबीत जागे होतात आणि फोनला पुन्हा चिकटतात. लोक बड चार्ज झाले का ते पाहतात, डबी भरली का ते पाहत नाहीत. तिला अधूनमधून चार्जरला लावणे हाच यावरचा इलाज.

गळ्यातले चुंबक

रिक्षावाल्यांपासून घरपोच माल आणणाऱ्या मुलांपर्यंत ज्यांच्या गळ्यात नेकबँड दिसतो, त्यांची कथा वेगळी. २०१९च्या रिअलमी बड्स वायरलेससारख्या नेकबँडमध्ये कानात घालायची दोन्ही टोके एकमेकांना चिकटवली की यंत्र बंद, सोडवली की चालू. यामागे हॉल परिणाम आहे. एडविन हॉल या अमेरिकेतल्या संशोधक विद्यार्थ्याने १८७९ साली दाखवून दिले, की वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला तर पट्टीच्या दोन बाजूंमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो. हॉल सेन्सर तोच दाब ओळखतो आणि चिपला कळवतो, की टोके जुळली.

सोय झकास आहे, पण पिशवीत किल्ल्यांच्या जुडग्यात टोके सुटली की नेकबँड आपोआप जागा होतो आणि संध्याकाळी बॅटरी संपलेली मिळते. अशा नेकबँडवर बहुधा बटणही असते. पिशवीत टाकायचा असेल तर टोकांवर विसंबू नये, बटणाने बंद करावा.

आपोआप बंद होण्याचा भरवसा

‘तो आपोआप बंद होतो’ यावर बरेच जण निर्धास्त असतात. पण बहुतेक हेडफोनमध्ये वेळ मोजायला सुरुवात होते ती फोनशी दुवा तुटल्यानंतर. दुवा असेपर्यंत गाणे चालू असो वा नसो, यंत्राच्या दृष्टीने ते कामावरच आहे. त्यात हल्लीचे बरेच हेडफोन एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेले असतात. फोनचे ब्लूटूथ बंद केले, तरी शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप त्याला धरून बसलेला असतो. हेडफोन ३० तासांचा असेल आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला असा चालू राहिला, तर शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास त्याचा दम संपतो. सोमवारी सकाळी मग दोष बॅटरीला.

आयफोनमध्ये आणखी एक खोच आहे. २०१७च्या आयओएस ११पासून कंट्रोल सेंटरमधले ब्लूटूथचे चिन्ह दाबले तर ब्लूटूथ बंद होत नाही. जोडलेली उपकरणे तेवढी सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता सारे पूर्ववत होते. पूर्ण बंद करायचे तर सेटिंग्जमध्येच जावे लागते.

कानातून काढल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरलाही मर्यादा आहेत. बहुतेक ठिकाणी तो समोर काही जवळ आहे का एवढेच पाहतो. मऊ उशीवर पालथा ठेवलेला हेडफोन किंवा मुठीत धरलेला बड त्याला कानावरच असल्यासारखा वाटतो. आपोआप बंद होण्याची वेळ कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बदलता येते का हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे. विमानात नुसती गोंगाटरोधक सोय वापरण्यासाठी कुणीतरी एकदा ती वेळ ‘कधीच नाही’ अशी करून ठेवते आणि नंतर विसरते, असेही होते.

हँग झाला तर

बटण दाबा, दाबून धरा, काहीच नाही; दिवा पेटलेलाच. अशा वेळी आतली आज्ञावली अडकलेली असते, आणि विनंती ऐकणाराच जागेवर नसतो. इथे उपायांचा क्रम महत्त्वाचा, कारण सौम्य उपाय सेटिंग्जना हात लावत नाही आणि कडक उपाय सारे पुसतो.

पहिले पाऊल म्हणजे बटण नेहमीपेक्षा बरेच जास्त, १०-१५ सेकंद, धरून ठेवणे. अनेक यंत्रांत हा संकेत आज्ञावलीला वळसा घालून थेट वीज सांभाळणाऱ्या भागाकडे जातो. दुसरे पाऊल, चार्जर लावून काढणे. काही हेडफोन चार्जिंग सुरू होताच स्वतःहून बंद होतात, सोनीचा तो एक्सएम४ त्यांपैकीच. बोसच्या क्वाएटकम्फर्ट ३५ साठी तर रीसेटची रीतच अशी आहे : बंद करून ३० सेकंद थांबायचे, भिंतीवरच्या चार्जरला जोडून ५ सेकंदांनी काढायचे, आणि मिनिटभराने चालू करायचे. तिसरे पाऊल, फोनमधून त्या हेडफोनची नोंद पुसून नव्याने जोडणी करणे. कारखान्यातून आला तसा करणारा फॅक्टरी रीसेट शेवटी. एअरपॉड्समध्ये तो बहुतेक डब्यांच्या पाठीवरच्या बटणाने होतो, एअरपॉड्स मॅक्समध्ये दोन बटणे एकत्र धरून. इतर कंपन्यांच्या जोड्या निराळ्या असतात, त्या पत्रकात पाहाव्यात. काहीच जमले नाही तर बॅटरी पूर्ण संपू द्यावी. वीजच गेली की अडकलेली आज्ञावलीही सुटते. मात्र हा अडीअडचणीचा उपाय आहे, त्याची सवय करू नये. लिथियम-आयन सेलला तळ गाठणे मानवत नाही.

उलट तक्रार, म्हणजे हेडफोन मध्येच स्वतःहून बंद पडणे, बहुधा त्या सेलचीच असते. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो; आवाज मोठा केला, वीज जास्त ओढली गेली, की दाब क्षणात खाली येतो आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. फोनवर ३० टक्के दिसत असताना हेडफोन मरतो तो असा. यावर कुठलाही रीसेट चालत नाही. सेलच बदलावा लागतो. नेमके तेच अवघड करून ठेवलेले असते. सुरुवातीच्या एअरपॉड्सना आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संकेतस्थळाने दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी शून्य गुण दिले होते. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः काढता-बदलता यायला हव्यात. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे फुगलेला किंवा मेलेला हेडफोन घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायला हवा.

विमानप्रवासात तर ‘खरोखर बंद झाला का’ हा प्रश्न नियमांतही आहे. लिथियम बॅटरीचे उपकरण चेक-इन सामानात टाकायचे असेल तर ते पूर्ण बंद हवे, ‘स्लीप’मध्ये नव्हे, आणि चुकून चालू होणार नाही असे ठेवलेले हवे. बटणच नसलेल्या यंत्राबाबत हे सिद्ध करत बसण्यापेक्षा ते हातातल्या पिशवीत ठेवणे सोपे.

नवा हेडफोन घेताना दुकानदाराला आवाजाचा बेस विचारला जातो, बॅटरीचे तास विचारले जातात. त्यात आणखी तीन प्रश्नांची भर घालावी : हा बंद कसा होतो, बंद झाल्याचे दिसते कसे, आणि अडकला तर कोणते बटण किती वेळ धरायचे? दुकानातच एकदा करून दाखवायला सांगावे. विकणाऱ्यालाच ते जमले नाही, तर दुसरा हेडफोन पाहावा.

(पुढील लेखांक : चार्जरची केबल)