माहितीच्या बांधाबांधीसाठी स्वतंत्र यंत्रणा

कचेरीचे दप्तर दुसऱ्या गावी हलवावयाचे झाल्यास कागद क्रमाने लावून गठ्ठा बांधावा लागतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो सोडून प्रत्येक कागद पुन्हा आपल्या जागी ठेवावा लागतो. संगणकासही हे काम चुकलेले नाही. त्याच्या स्मृतीत एखाद्या व्यक्तीचे नाव एका ठिकाणी, तर पत्ता दुसऱ्याच ठिकाणी असतो. ही माहिती अन्य संगणकाकडे धाडण्यापूर्वी ती सलग ओळीत मांडावी लागते. या बांधणीस ‘सीरियलायझेशन’ आणि गठ्ठा सोडण्यास ‘डीसीरियलायझेशन’ अशी संज्ञा आहे.

काम वरकरणी किरकोळ वाटते. गूगल कंपनीच्या संगणक केंद्रांत त्यासाठी ‘प्रोटोकॉल बफर्स’ ही पद्धती वापरली जाते. २००८ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. या केंद्रांतील प्रोसेसरांच्या एकूण कार्यकालापैकी ९.६ टक्के काल या पद्धतीच्या कामांवर खर्ची पडतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळून आले. म्हणजे दहा प्रोसेसरांमागे जवळजवळ एक या बांधाबांधीत गुंतलेला, आणि त्याची वीजही तिच्यापायीच खर्च होणारी!

इतका वेळ का लागावा? जागा वाचविण्यासाठी ही पद्धती लहान संख्या थोडक्यात लिहिते. प्रत्येक बाइटमधील सात बिट संख्येसाठी असतात. आठवा बिट ‘पुढे आणखी आहे’ किंवा ‘येथे संपले’ एवढेच सांगतो. १२७ पर्यंतची संख्या एका बाइटमध्ये मावते, ३०० ला दोन लागतात. त्यामुळे गठ्ठा सोडताना प्रोसेसरला पावलोपावली थांबून पाहावे लागते. व्यासंगी अधिकाऱ्यास पाकिटे चिकटविण्यास बसविण्यापैकीच हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणून बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी केवळ याच कामासाठी एका विद्युत् मंडलाचा आराखडा २०२१ मध्ये मांडला. हे मंडल अनेक बाइट एकदम न्याहाळून संख्येचा शेवट तत्काळ शोधते. त्याची जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. निम्म्याहून अधिक संदेश ३२ बाइट किंवा त्याहून लहान असल्याचे पाहणीत दिसले होते. एवढ्याशा गठ्ठ्यासाठी दूरच्या स्वतंत्र कार्डाकडे फेरी घालणे परवडणारे नव्हे. म्हणून मंडल प्रोसेसरशेजारी, त्याच चिपवर योजिले आहे.

आराखड्याच्या चाचणीत ते त्याच चिपवरील सामान्य प्रोसेसरपेक्षा सरासरी ६.२ ते ११.२ पट, तर झिऑन प्रोसेसरच्या सर्व्हरपेक्षा ३.८ पट वेगवान ठरले. मात्र ही चाचणी अनुकरण यंत्रणेवरील होती, बाजारात आलेल्या चिपवरील नव्हे. शिवाय या कामाचा वेळ पार शून्यावर आणला, तरी एकूण बचत ९.६ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही.

संदेशात एखादी नवी नोंद वाढविल्यास मंडल बदलावे लागत नाही, कारण नोंदींची कोष्टके स्मृतीत असतात आणि ती बदलता येतात. लेखनाचा नियमच पालटला, तर मात्र सिलिकॉनवर कोरलेल्या मंडलात दुरुस्ती करता येणार नाही. ते काम पुन्हा सामान्य प्रोसेसरकडेच येईल.