पिनेजवळची दोन इंच वायर

शंभर-दीडशे रुपयांचा वायरवाला इअरफोन कानापाशी क्वचितच बिघडतो. तो बिघडतो खिशापाशी. पिनेची धातूची दांडी संपून रबरी मान सुरू होते, तिथून पुढची दोन इंच वायर हा त्याचा मरणाचा ठरलेला पत्ता. हे कसं घडतं ते उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल, तर वाराणसीच्या भोसले घाटावर थोडा वेळ बसावं. सिंदिया घाटाकडून पंचगंगा घाटाकडे निघालं की वाटेत हा घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस तो दगडात बांधला, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. पायऱ्या उंच. मोबाइल पँटच्या पुढच्या खिशात टाकून माणूस त्या चढू लागला, की दर पायरीला मांडी वर येते आणि खिशाची शिवण पिनेच्या मानेवर दाबते. वर पोहोचून दम खायला गुडघे पोटाशी घेऊन बसला, की पिन पार काटकोनात. नावाडी असो, कोचिंग क्लासचा व्हिडिओ बघणारा विद्यार्थी असो की अस्थिविसर्जनाला आलेल्या विदर्भातल्या कुटुंबातला कंटाळलेला पोरगा, वायर सगळ्यांची तिथंच वाकते.

चांगल्या कंपन्या हीच परीक्षा कारखान्यात घेतात. पिन यंत्रात पकडायची, वायरीला खाली वजन टांगायचं आणि डावीकडे-उजवीकडे हजारो वेळा वाकवायची. स्वस्त मालाला ही परीक्षा बहुधा गिऱ्हाइकाच्या खिशातच द्यावी लागते.

ही पिन आली टेलिफोन एक्स्चेंजमधून. 19व्या शतकाच्या शेवटी तिथल्या ऑपरेटर बायका दिवसभर अशाच, पण जाडजूड, पिना फळ्यावरच्या भोकांत खुपसत आणि उपसत. हातात धरायला दांडा असे आणि दोरी भक्कम विणलेली असे. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर पिनेचा बारका, साडेतीन मिलिमीटरचा अवतार घरोघर पोहोचला, 1979मध्ये सोनीच्या वॉकमननं तो चालत्या माणसाच्या अंगावर चढवला आणि मोबाइलनं खिशात कोंबला. टेबलाशी बसून वापरायची वस्तू मांडीवर आली, आणि तीही दांडा गमावून.

आत काय असतं ते एकदा बघण्यासारखं आहे. मेलेला इअरफोन फेकण्याआधी वायरीचं रबर नखानं सोलून बघा. केसाहून बारीक रंगीत तारांच्या जुड्या निघतात: सहसा एक लाल, एक हिरवी किंवा निळी, एक तांबूस, आणि माइक असेल तर आणखी एक. रंग हा शोभेचा नव्हे. तो तारेवरचा लाखेसारखा वीजरोधक थर. तारांच्या मध्ये पांढरा धागा दिसतो, नायलॉनचा किंवा तसाच काही. ही युक्तीही टेलिफोनच्या दोऱ्यांतली: ताण धाग्यानं सोसायचा आणि तांब्यानं फक्त वीज वाहायची. स्वस्त मालात काटकसर होते ती नेमकी इथं. धागा नावापुरता असतो, तारा मोजक्या असतात, कधी तर तांबं फक्त वरून आणि आत ॲल्युमिनियम.

तांब्याचा एक स्वभाव आहे. वाकवलं की ते त्या जागी कडक होतं, कडक झालं की ठिसूळ होतं. जुडीतली एक तार तुटते. काही कळत नाही. मग दुसरी. मग पिन हलवली की खरखर सुरू होते. पुढे वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच दोन्ही कान वाजतात, आणि आपण मोबाइल तळहातावर पूजेच्या ताम्हनासारखा तोलत फिरतो. ही अवस्था आठवडा-दोन आठवडे टिकते. त्यानंतर एक कान जातो.

खोक्यावर मात्र या दोन इंचांबद्दल अवाक्षर नसतं. तिथं ‘एक्स्ट्रा बास’ असतं आणि ड्रायव्हर किती मिलिमीटरचा ते असतं. खरं तर कानातला तो इवलासा स्पीकर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा, त्याला चिकटलेलं वेटोळं आणि मागे निओडिमियमचं चुंबक, एवढ्या पैशांत आश्चर्य वाटावं इतका टिकाऊ असतो. ज्या भागाची जाहिरात होते तो भाग वर्षानुवर्षं धडधाकट राहतो आणि ज्याची होत नाही त्याच्यापायी तो कचऱ्यात जातो. मला यात गिऱ्हाइकाचाही दोष दिसतो. दुकानात आपण इअरफोन कानाला लावून बघतो, पिनेची मान वाकवून बघत नाही.

बिघाडाचा एक प्रकार फार गमतीचा आहे. दोन्ही स्पीकरांची परतीची वायर एकच असते, ती कॉमन. तीच तुटली तर दोन्ही स्पीकर एकापाठोपाठ एक जोडले जातात आणि त्यांतून फक्त डाव्या-उजव्या आवाजातला फरक वाजतो. गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन्ही बाजूंना सारखाच असतो, त्यामुळे तो जवळजवळ पुसला जातो. अभंग लावावा तर टाळ आणि घुमारा ऐकू येतो, गाणारे बुवा गायब! अशा वेळी बालगंधर्वांचं जुनं नाट्यपद लावून बघा. त्या काळच्या तबकड्या मोनो. डावी-उजवी बाजू एकच. फरकच नाही म्हटल्यावर इअरफोन जवळपास मुका होतो. पद पूर्ण गडप झालं आणि नवं गाणं पोकळ वाजत राहिलं, तर कॉमन वायर गेली असं खुशाल समजावं.

मात्र हेच लक्षण पिन पूर्ण आत बसली नसेल तरीही दिसतं, आणि ती न बसण्याचं कारण पुष्कळदा मोबाइलचं जाड कव्हर असतं. नाहीतर भोकाच्या तळाशी दाबून बसलेली खिशातली धूळ आणि कापडाची लव. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं ती काढली, की ‘मेलेले’ इअरफोन उठून बसतात. एकाच कानाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला असेल तर जाळीत मळ साचलाय. कोरड्या मऊ ब्रशनं, जाळी खाली धरून झाडावा. आणि गाणं आपोआप थांबतं, मध्येच कुणाला तरी फोन लागतो, हे घामाचं काम: माइकच्या डबीतलं बटण ओलाव्यानं जुळतं. कोरडं होऊ द्यावं. नवा इअरफोन घेण्याआधी जुना दुसऱ्या मोबाइलला लावून बघणं एवढं तरी करावंच.

तार खरोखरच तुटली असेल तर इलाज एकच, कापणे. गाणं लावून वायर पिनेकडून थोडीथोडी दुमडत जायची. आवाज येतो-जातो ती जागा सापडली की तिच्या पुढे इंचभर सोडून कात्री मारायची. नवी सुटी पिन पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. माइक असेल तर चार कप्प्यांची पिन मागावी. पिनेचं टोपण आणि आकसणारी नळी वायरीवर आधी ओवायची. नाहीतर सोल्डर झाल्यावर त्यांची आठवण येते आणि सगळं उकलावं लागतं. मग तारेवरचा रंगीत थर जाळायचा. बहुतेकांचं काम इथंच फसतं, कारण थर तसाच राहिला तर सोल्डर वर चिकटल्यासारखं दिसतं, वीज मात्र जात नाही. सोल्डरिंग गन चांगली तापवावी, टोकावर सोल्डरचा थेंब आणि राळ घेऊन तार त्यात बुडवून धरावी. थर जळून तार चंदेरी झाली की झालं. मल्टिमीटर लावला तर प्रत्येक स्पीकर साधारण 16 किंवा 32 ओहम दाखवतो, आणि मीटरची टोकं टेकताच कानात बारीक ‘टिक’ वाजते. म्हणजे आतलं सगळं जिवंत. हल्लीच्या फोनसाठी पिनेचं टोक डावं, पुढचं कडं उजवं, तिसरं कॉमन आणि बुडाचं माइक.

गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला सूक्ष्मदर्शकाखाली दाण्याएवढी चिप बदलतो, पण इअरफोन पुढे केला की “नवीन घ्या ना” म्हणतो. त्याचं चूक नाही. अर्ध्या तासाच्या मजुरीत नवा येतो. म्हणून हे काम घरच्या टेबलावरच परवडतं.

वायर तुटू नये म्हणून मानेवर झटपट गोंदाचा थेंब टाकणारे पुष्कळ आहेत. तेवढा भाग लोखंडासारखा होतो, वाकण्याची जागा फक्त अर्धा इंच पुढे सरकते आणि वायर तिथं तुटते. बॉलपेनची स्प्रिंग गुंडाळणं त्याहून बरं, कारण वाक पसरतो. त्याहून बरं म्हणजे मोबाइल खिशात उलटा ठेवणं, ज्या बाजूला पिन ती वर. वायर मोबाइलभोवती करकचून गुंडाळू नये, बोटांवर सैल वेटोळं करावं. उपसताना पिन धरावी, वायर नव्हे.

घेतानाच काटकोनी पिन आणि लांब, मऊ मान असलेला घ्यावा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालत असतील, तर कानापाशी वायर सुटी होणारा इअरफोन बघावा. हजाराच्या आसपासही ते मिळू लागलेत. वायर मेली की वायर बदलायची, स्पीकर तोच. वायरलेसवाल्यांना हे दुखणं नाही खरं, पण त्यांची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलायची सोय सहसा ठेवलेली नसते.

आता 2016नंतर एकेक करून फोनांनी गोल भोकच बुजवलंय, तेव्हा सी टाइप पिनेचे इअरफोन आलेत. त्यांतल्या बहुतेकांच्या पिनेतच आवाज बनवणारी चिप बसवलेली असते, त्यामुळे मान तुटली की कापून सुटी पिन लावण्याचा मार्ग बंद. असा फोन असेल तर गोल पिनेचा इअरफोन आणि वेगळा छोटा अडॅप्टर घ्यावा. तोही मानेतच तुटेल, पण बदलायचा तो फक्त अडॅप्टर. घेताना मात्र तो स्वतःच्या फोनला लावून गाणं वाजवून बघावं, कारण काही अडॅप्टरांत चिप नसते आणि ते सगळ्याच फोनांवर चालत नाहीत.