पदवीच्या वर्गात उमगलेला डिस्लेक्सिया

‘डिस्लेक्सिया असता तर दहावी कसा पास झाला असता?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. डिस्लेक्सिया ही वाचनाची अडचण, आणि ती लिपीगणिक वेगळी दिसते. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ बेभरवशाचा असतो. देवनागरीत तो बराच पक्का. त्यामुळे मराठी माध्यमातला हुशार मुलगा ‘वैशिष्ट्य’सारख्या शब्दांतल्या जोडाक्षरांपाशी अडखळत, पाठांतराच्या जोरावर निभावून नेतो. पुढे कॉलेजात जाडजूड इंग्रजी पुस्तके समोर आली की सोंग उघडे पडते, आणि शिक्का मात्र आळशीपणाचा बसतो. 2001 साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात हेच दिसले. नियमबद्ध लिपीच्या इटालियन डिस्लेक्सिकांचे वाचन इतर दोघांपेक्षा अचूक होते, पण वाचताना मेंदूच्या डाव्या भागातली क्रिया तिन्ही गटांत सारखीच मंदावलेली होती. म्हणजे लिपी अडचण झाकते, मिटवत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेतल्या सवलतींचा. वाढीव वेळ म्हणजे आयते गुण, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की परीक्षा विषयाची आहे की वाचनाच्या वेगाची. अर्थात, संथ वाचणारा प्रत्येक जण डिस्लेक्सिक नसतो. सराव कमी असणे, कच्चे इंग्रजी, नजरेचा दोष, चिंता हीही कारणे असू शकतात. म्हणून मोबाइलवरच्या प्रश्नावलीवर विसंबू नका. डोळे तपासून घ्या, मग चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी करून घ्या. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.